हरकत नंबर सतरा

मालवणच्या कचेरीत माझं टेबल खिडकीशी,
म्हणजे खारा वारा आणि फिरतीची बिलं
दोन्ही आधी माझ्याकडे येत.

ब्रॅडवेलसाहेब वेंगुर्ल्याला गेले ते मचव्यातून,
शीड भरलेलं, मांडीवर बंदूक, पायाशी कुत्रा.
बिल मी लिहिलं रस्त्यानं:
बावीस मैल, मैलाला आठ आणे,
रुपये अकरा फक्त.
नियमात बसत होतं. नियम
मचव्यापेक्षा ऐसपैस होता.

त्याच फिरतीत रवळू पराडकर, पट्टेवाला,
दप्तराची पेटी डोक्यावर घेऊन चालत गेला.
पायांना दर नाही.
झिजले तर ज्याचे त्याचे.
त्याचं बिल एका ओळीचं:
कर्लीची खाडी, तरीचे पैसे दोन.

दोन महिन्यांनी मुंबईहून कागद. लाल शाई.
हरकत नंबर सतरा.
'ओहोटीचे वेळी सदर खाडी पायी ओलांडता येते किंवा कसे?
येत असल्यास शिपायाने ओहोटीची वाट का पाहिली नाही,
याचा खुलासा व्हावा.'

अकरा रुपयांवर हरकत नव्हती.

रवळूला वाचून दाखवलं.
तो लाल अक्षरांकडे बघत राहिला, मग म्हणाला,
"दादानू, हेंनी कर्ली कधी बगल्यानी काय?"

मला लिहिता आलं असतं,
मुखाशी ओहोटीलाही पाणी दोन पुरुष,
उतार आहे तो पार वरच्या अंगाला, चार कोस वळसा.
पण खुलासा साहेबांच्या सहीला जाणार,
आणि बढतीचा माझा अर्ज त्याच टेबलावर
शंखाच्या वजनाखाली पडलेला.
मी लिहिलं, 'यापुढे दक्षता घेण्यात येईल.'
दोन पैसे रवळूच्या पगारातून वळते केले.
अक्षर माझं वळणदार, साहेब नेहमी म्हणत.

साहेबांनाही अन्याय वाटायचा.
संध्याकाळी व्हरांड्यात रावसाहेब सबनिसांना सांगत,
रुपया घसरलाय, मुलांची फी विलायतेत भरता भरता
निम्मा पगार समुद्रातच बुडतो.
रावसाहेब मान हलवत.
साहेब रजेवर गेले की तीच खुर्ची, तोच शिक्का,
तेच खुनाचे पंचनामे रावसाहेबांकडे,
पगार मात्र दोन तृतीयांश.
हे ते व्हरांड्यात बोलत नसत,
मला बोलत, परतताना, कंदिलाच्या उजेडात.
आणि मी घरी जाऊन बायकोला सांगे
हेडक्लार्कला मिळणाऱ्या छत्रीच्या पैशांबद्दल.

रवळू कुणाला सांगत असेल, ठाऊक नाही.
मी विचारलं नाही कधी.

कार्तिकात साहेबांची रजा मंजूर झाली.
हुकूम वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरला,
आणायला रवळू.
सांजेपर्यंत यायला हवा होता.
साहेबांची ट्रंक बांधून तयार,
रात्रीची आगबोट बंदराबाहेर भोंगा देऊन गेली.
रवळू आला दुसऱ्या दिवशी, दुपारी,
कमरेपर्यंत चिखल वाळलेला,
हुकूम मुंडाशात, कोरडा.

एक दिवसाचा पगार दंड.
तीन आणे आठ पै.
नोंद मी केली. टाक दोनदा बुडवावा लागला.
मग विचारलं, आवाज चढवूनच,
"तर का नाही घेतलीस?"

"तुमीच लिवलात मां," तो म्हणाला, "दक्षता.
उताराकडे गेलंय. सुकती पडासर बसलंय थंय."

त्यानं कागद टेबलावर ठेवला, शंख वर ठेवला.
माझ्या तोंडाकडे बघून, मलाच जरा सांभाळून घेत,
"ऱ्हवांदे," म्हणाला, "हरकत नाय."

एप्रिलपासून मला दोन रुपये वाढ मिळाली.
रजिस्टर अजून असेल कुठल्या तरी फडताळात,
वाळवीनं ठेवलं असेल तर.
सतरा नंबर निकाली.
अठरा नंबरचा रकाना मी आखून ठेवला होता,
शाई वाळली,
पान उलटलं.